नौशादचा चेहरा

लेकीच्या मंगनीच्या दिवशी सकाळी साडेनऊला नांदुऱ्याहून फोन आला तेव्हा अमीना शेवया भाजत होती. एका हातात झारा, कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला फोन, आणि पलीकडे होणारी समधन, होणारा जावई अरसलान याची आई.

“बुरं नका मानू, अमीनाबहेन,” ती म्हणाली. “आमी चार वाजेपर्यंत पोचतोच. पन आमच्या गल्लीत लोकं तो वीडियो पाहून विचारून राह्यले. तुमच्यावाल्यांचा चेहरा काऊन झाकला त्याच्यात? काई पोलीस केस तं नाई ना?”

“नाई, नाई. तसं काई नाई,” अमीना म्हणाली. आणखी काय म्हणावं ते तिला सुचलं नाही. फोन ठेवला तोवर शेवया करपल्या होत्या.

आता अमीनाचा राग ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, ही बाई ओरडत नाही. तिचा राग आधी भांड्यांना कळतो. कढई दणकन खाली आली, झारा मोरीत गेला, झाकण आपटलं, आणि अंगणात मोबाइल घेऊन बसलेल्या मलिहाला उठून आत यावंच लागलं.

“चाची, काय झालं?”

“काई नाई झालं. तू शिकलेली, नागपूरवाली. चाचाचा चोर केला तू. आजून काय व्हायचं राह्यलं?”

मलिहा म्हणजे अमीनाचा नवरा नौशाद याची सख्खी पुतणी, त्याच्या मोठ्या भावाची, हैदरची, थोरली लेक. नागपूरच्या एका संस्थेत होती. कोणाला रेशन नाकारलं, कोणाला वस्तीतून हुसकलं, कोणाला कोठडीत मारलं, अशा लोकांच्या हक्कांसाठी ही संस्था भांडायची. मलिहाचं काम ते भांडण लोकांच्या मोबाइलपर्यंत पोचवायचं. माणसाला बोलतं करायचं, त्याचा वीडियो करायचा, कापायचा, खाली दोन ओळी लिहायच्या, किती वाजता टाकला तर जास्त लोक बघतील ते हेरायचं, आणि मग दिवसभर त्याच्याखालच्या शिव्या वाचत बसायचं. हैदर विचारणाऱ्याला एवढंच सांगायचा की पोरगी मोबाइलवर नोकरी करते. त्यावर लोक हसायचे आणि मलिहाही हसायची.

पण हा वीडियो घरचा होता. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि जी अळी या बियाण्याला लागणारच नाही असं सांगून पाकिटं विकली होती, तीच गुलाबी अळी बोंडाबोंडात निघाली. गावात, सोनाळ्यात, जो तो फवारत सुटला. नौशादचा धंदाच फवारणीचा, रोजानं. वामनरावांच्या वावरात दुपारच्या वेळी, तोंडाला साधा रुमाल बांधून, दोन औषधं एकत्र कालवून तो मारत होता, आणि तासात आडवा झाला. अकोल्याच्या दवाखान्यात एकोणीस दिवस काढले. जीव वाचला. नजर मात्र गढूळ झाली ती झालीच. समोरचं माणूस आहे हे कळायचं, कोण आहे ते आवाजावरून.

मलिहानं त्याला खाटेवर बसवून बोलतं केलं, दोन मिनिटं अकरा सेकंद. चेहरा ओळखू येऊ नये म्हणून त्यावर धूसर चौकडा टाकला, आवाज जाड केला, नावाच्या जागी ‘एक फवारणी मजूर’ लिहिलं. सहा दिवसांत चार लाख लोकांनी पाहिला. बुलढाण्याला चौकशी समिती बसणार होती, तीसुद्धा या वीडियोमुळेच हलली असं तिच्या ऑफिसात सगळे म्हणाले. तिची पाठ थोपटली गेली. आणि इथं सोनाळ्यात चाची तिच्याकडे बघायला तयार नव्हती.

“चाची, चेहरा त्यांच्याच भल्यासाठी झाकला.”

“टीव्हीवर कोनाचे चेहरे झाकते, सांग मले. चोराचे. नाई तं तसल्या बायांचे. माह्या नवऱ्यानं काय चोरलं?”

मलिहा मोरीतला झारा उचलून धुऊ लागली.

*

हैदर मोताळ्याहून अकराच्या गाडीनं उतरला, मिठाईचे दोन डबे आणि बाजूच्या दुकानातून घासाघीस करून आणलेली शाल घेऊन. मोताळ्यात त्याचं शिवणकामाचं दुकान. वडील गेल्यापासून घरातला मोठा तोच. त्यानं चपला काढायच्या आत अमीनानं त्याला सगळं सांगितलं, आणि त्यानं ओट्यावर बसून नेहमीसारखा निकाल दिला.

“काढून टाक बेटा तो वीडियो. चार वाजाच्या आत. सोयरे आले की म्हनू, नाईच आहे.”

“अब्बा, चार लाख लोकांनी पाहिला. तो आता असा जात नाही. आणि बुधवारी समिती आहे.”

“समिती तुह्या चुलतबहिनीचं लग्न करून देनार आहे का?”

आतल्या खोलीत अमीनाची लेक अलीजा मेंदीचे हात वर धरून बसली होती. तिनं तिथूनच म्हटलं, “माह्या नावावर नका काढू कोनी. मी काई म्हनली नाई.”  जिची मंगनी तिला त्या दिवशी कोण विचारतं?

“टाकायचा तं तुमीच म्हनले होते, अब्बा,” मलिहा म्हणाली.

हे खरं होतं, आणि इथंच सगळी गोम होती. वीडियो टाकायच्या आधी मलिहानं नागपूरहून फोन केला होता तो हैदरला. चाचाचा वीडियो टाकू का? हैदर दुकानात माप घेत होता. ‘टाक, पन चेहरा नको दाखवू,’ म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. या घरात मोठ्यानं हो म्हटलं की सगळ्यांचं हो असतं. बकरी विकायची असो की पोरगी द्यायची असो, आजोबांच्या काळापासून असंच. जी मलिहा दर महिन्याला कुठल्या तरी गावात जाऊन कार्यकर्त्यांना शिकवायची की ज्याचा चेहरा त्यालाच विचारा, सासऱ्याला नाही, सरपंचाला नाही, तीच मलिहा आपल्या घरात शिरताना ते सगळं उंबऱ्याबाहेर ठेवून आली होती. हे तिला त्या ओट्यावर, बापाकडे बोट दाखवता दाखवता कळलं, आणि तिचं बोट आपोआप खाली आलं.

नौशाद खोलीत दारालगतच्या खाटेवर बसला होता. सगळं ऐकत होता. त्याच्याकडे कोणी बघितलंही नव्हतं. आजारी माणूस घरात असला की लोक त्याच्याबद्दल बोलतात, त्याच्याशी नाही. दोन महिन्यांत त्यालाही त्याची सवय झाली होती.

*

वामनराव दुधाची कॅन घेऊन आले तेव्हा बारा वाजले होते. खिरीसाठी पंधरा लिटर, कोणी सांगितलं नव्हतं. नौशाद दवाखान्यातून घरी आल्यापासून रोज सकाळी त्यांच्याकडून लिटरभर दूध यायचं. आधी गडी आणायचा, मग ते स्वतः आणू लागले. दूध ठेवायचे, ‘कसं आहे बाप्पा?’ विचारायचे, आणि बसा म्हणायच्या आत निघायचे. बासष्ट वर्षांचा माणूस, तीस एकरांचा धनी, आणि एका ओट्यावर टेकायची त्याची छाती होत नव्हती.

आज मात्र ते बसले. कोकिळेनं, त्यांच्या बायकोनं, घरून निघताना बजावलं होतं, आज बोलून या नाही तर दूध बी नका नेऊ.

“हैदरभाई, मी एक इनंती कराले आलो,” ते म्हणाले. “तो वीडियो काढता आला तं पाहा. आमचा दीपक पुन्याहून रोज फोन करते. तिथं खाली लोकं लिहून राह्यले, मालकाले आत टाका, फासावर द्या. नाव नाई माहं, पन गावाले तं माईत आहे वावर कोनाचं.”

“तेच चाललं आहे,” हैदर म्हणाला. “काढून राह्यलो.”

अमीनानं मान हलवली. बघा, आता तिघं एका बाजूला झाले होते. एकाला घराची इज्जत, एकीला लेकीची सोयरीक, एकाला स्वतःचं नाव. तिघांचंही खोटं नव्हतं. मलिहानं मोबाइल हातात घेतला. ऑफिसात वरिष्ठ रुख्मिणीताईंना काय सांगायचं, समितीला काय सांगायचं, ते मनात जुळवू लागली.

“वामनभाऊ,” खाटेवरून नौशाद म्हणाला. “माह्यासाठी आले का तुमच्यासाठी?”

आवाज हळू होता, दवाखान्यापासून त्याचा आवाज असाच झाला होता. पण सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

वामनरावांनी खोटं बोलायचं ठरवलं असतं तर जमलं असतं. त्यांनी दुपट्ट्यानं मान पुसली. “माह्यासाठी,” ते म्हणाले.

“मंग ठीक आहे. मले वाटलं सगये माह्याचसाठी करून राह्यले.” नौशाद जरा हसला. “मलिहा, इकडं ये. तू दिसत नाई मले, जवळ ये. त्या वीडियोत मी काय बोललो त्याच्यात काई खोटं होतं का?”

“नाही, चाचा.”

“मंग मले तोंड काऊन नाई ठेवलं?”

मलिहा त्याच्या पायाशी जमिनीवर बसली.

“स्टँडवर हाटेलात बसाले जात होतो मी,” नौशाद म्हणाला. “तुमाले वाटलं डोयांमुळे जात नाई. डोये तं तवाबी असेच होते, काठी घेऊन जात होतो. वीडियो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी जानराव म्हने, काय बे नौशाद, बातम्यांत तं चोराले असं दाखवते. मजाकच केली त्यानं. सगये हासले, मीबी हासलो. चहा पिलो अन घरी आलो. तवापासून नाई गेलो.”

अमीना दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तेरा दिवस. तेरा दिवस ती त्याला म्हणत होती, जरा बाहेर जाऊन या, जिवाला बरं वाटेल, आणि तो म्हणत होता, ऊन लागते डोयांले.

“मले तुमचे चेहरे पुसट दिसते,” नौशाद म्हणाला. “आता तेच नशिबात असन तं असू दे. पन माहा तं लोकाईले साफ दिसू द्या.”

मलिहाला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. मग डोळे पुसून तिनं जे सांगायला हवं होतं ते सांगितलं, कारण ते न सांगता हो म्हणणं पुन्हा तीच चूक झाली असती.

“चाचा, ऐका. गेल्या वर्षी आम्ही एका बाईचा चेहरा दाखवला होता. ती म्हणाली होती दाखवा. चौथ्या दिवशी लोक तिच्या दारात गेले. महिनाभर ती माहेरी राहिली. तेव्हापासून मी सगळ्यांचे चेहरे झाकते. आणि तुमचं नाव नौशाद आहे. नाव दिसलं की काही लोक फवारणी विसरतील आणि नावच धरून बसतील. घाण लिहितील. मी किती पुसणार? अर्धं तरी राहीलच.”

“लिहू दे. मले कुठं वाचता येते आता,” नौशाद म्हणाला.

हैदरला हसू फुटलं, ते त्यानं खोकल्यात घातलं.

“अन सोयरे?” अमीना म्हणाली.  “त्याईनं नाई म्हटलं तं? पोरीच्या हाताले मेंदी लागली आहे, अलीजाचे अब्बा.”

“झाकलेल्या चेहऱ्यालेच तं विचारून राह्यले ते. उघड्याले काय विचारतीन?”

 अमीनानं वामनरावांकडे पाहिलं, जणू आता त्यांनीच काही बोलावं. नाही तरी तिच्या बाजूचे तेच तेवढे उरले होते.

वामनराव त्या दिवसाच्या आधी कितीदा तरी मनात बोलले होते. रात्री पडल्या पडल्या, गोठ्यात धार काढताना, कोकिळेसमोर. दर वेळी वाक्य सुरू व्हायचं आणि कृषी केंद्रवाल्यावर जाऊन संपायचं. त्यानंच सांगितलं होतं दोन्ही औषधं एकत्र करा, त्यानंच दिली होती. हे खरंच होतं. पण पूर्ण खरं नव्हतं. आणि समोर हा माणूस बसला होता, ज्याला त्यांनी पऱ्हाटीतून पाठीवर घालून रस्त्यापर्यंत आणला होता, आणि ज्यानं चार लाख लोकांसमोर त्यांचं नाव घेतलं नव्हतं.

“सकायी तू म्हनला होता, डोकं दुखते,” ते म्हणाले. “याद आहे का तुले?”

“आहे.”

“मी म्हनलो, दोनच तासाचं राह्यलं, उरकून टाक. अळी खाऊन राह्यली.” त्यांनी खाली पाहिलं. “हे मी कोनाले सांगतलं नाई. कोकिळेलेबी कालच सांगतलं. औषध त्यानं दिलं, पन डोकं दुखते हे मले माईत होतं, नौशाद.”

“मलेबी माईत होतं,” नौशाद म्हणाला. “मीच गेलो ना आत.”

“तू रोजानं होता बाप्पा. तू नाई कसा म्हनशीन?”

 पंचावन्न वर्षं एका गावात राहिलेल्या त्या दोन घरांत लग्नं झाली, मयती झाल्या, वावराच्या बांधावरून एकदा भांडणही झालं होतं, पण माफी मागायची वेळ कधी आली नव्हती, त्यामुळे ती कशी मागतात हे दोघांनाही नीट माहीत नव्हतं. वामनराव उठून खाटेवर नौशादच्या शेजारी जाऊन बसले. नौशादनं चाचपून त्यांचा हात धरला. तेवढ्यावर भागलं.

“दाखव पोरी त्याचा चेहरा,” वामनराव म्हणाले. “लोकं मले ओयखतीन तं ओयखू दे. बुधवारी मीबी येतो बुलढान्याले. कोनतं औषध, किती, कोनाच्या दुकानातून, सगयं लिहून देतो. दीपकले मी पाहून घेईन.”

*

मलिहानं ऑफिसला फोन लावला. रुख्मिणीताईंनी ऐकून घेतलं आणि एकच सांगितलं, नियमानं कर. नियम मलिहानंच लिहिलेला होता. संमतीचा कागद त्या माणसाच्या बोलीत मोठ्यानं वाचून दाखवायचा, धोका काय तो सांगायचा, आणि तेव्हा खोलीत त्याचं दुसरं कोणी असता कामा नये.

“चाची, जरा बाहेर. वामनकाका, तुम्ही पण.” मग ती बापाकडे वळली. “अब्बा, तुमीबी.”

“मी?” हैदर म्हणाला. साठीचा माणूस, घरातला मोठा, त्याला आजवर कोणी खोलीबाहेर काढलं नव्हतं. तो क्षणभर बसून राहिला. मग उठला, जाता जाता नौशादच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “तुलेच विचारून राह्यली ते. नीट सांग.” आणि दार स्वतःच्या हातानं ओढून घेतलं.

बाहेर तिघं ओट्यावर बसले. आतून मलिहाचा आवाज येत होता, एकेक वाक्य, मध्ये थांबून. चाचा, हे कळलं का? कळलं. पुढं काढावंसं वाटलं तर मला सांगायचं, मी काढीन, पण लोकांनी ठेवून घेतलेला निघणार नाही, हे कळलं का? हाव, कळलं. अमीना ऐकत होती. तिच्या लग्नाला तीस वर्षं झाली होती. इतकं थांबून थांबून त्याला कोणी काही विचारल्याचं तिला आठवेना. तिनंही विचारलं नव्हतं. हे तिला फार लागलं.

आत मलिहानं वीडियो नव्यानं केला. मग अर्ध्या तासानं दार उघडलं.

“चाची, तुम्ही या,” मलिहा म्हणाली. “टाकायच्या आधी ज्याचा आहे त्यानं तो बघायचा असतो, असा नियम आहे. चाचांना दिसत नाही. ते म्हणतात, अमीना बघेल.”

पहिला वीडियो अमीनानं कधी पूर्ण पाहिलाच नव्हता. चौकडा दिसला की ती फोन उलटा ठेवायची. आता ती खाटेच्या कडेला टेकली आणि मलिहानं मोबाइल तिच्या हातात दिला.

‘माहं नाव नौशाद. सोनाळ्याचा आहे. बावीस वर्षं झाली, फवारनीचं काम करतो.’ पांढरी होत चाललेली दाढी, जी तिनंच सकाळी सोयऱ्यांसाठी कातरून दिली होती. डोळ्यांखाली काळं. नजर कॅमेऱ्यावर नव्हती, जरा बाजूला गेली होती, कारण कॅमेरा कुठे आहे ते त्याला दिसत नव्हतं. तो सांगत होता ऊन किती होतं, वारा कसा पडला होता, अंगाला कसं झोंबलं. कुठंही रडला नाही. शेवटी म्हणाला, ‘मी चुकीचं काई केलं नाई, म्हनून तोंड दाखवून बोलून राह्यलो.’

वीडियो संपला. अमीनानं तो पुन्हा लावला आणि पुन्हा शेवटपर्यंत पाहिला.

“बोल ना,” नौशाद म्हणाला. तो तिच्या बाजूला तोंड करून बसला होता, थोडा घाबरलेला. “कसा दिसतो मी?”

“बुढे दिसता.”

“ते तं असनच. आजून?”

अमीनानं ओढणीनं मोबाइलची काच पुसली. ती ओली झाली होती.

“तुमीच दिसता,” ती म्हणाली, आणि मोबाइल मलिहाच्या हातात दिला. “टाक, बेटा.”